याशिका मॅटसाठी बॅग: आधी कॅमेरा मोजा, मग दुकानात जा

काका म्हणून विचारलंय, तेव्हा काकाच्या हक्काने थोडं लांबण लावतो. प्रश्न असा आहे: आजोबांचा याशिका मॅट १२४ जी, म्हणजे वर-खाली दोन लेन्सचा (वरची बघायला, खालची टिपायला) जुना रोलचा कॅमेरा, कपाटात सापडला, काळ्या कातडी केससकट. दुरुस्त करून घेतला, शटर आता नीट चालतं. राहायला नाशिकचं इंदिरानगर, फिरायला स्कूटर. हिवाळ्यात पहाटे गोदाघाट, पावसाळ्यात अंजनेरी-त्र्यंबक. बजेट ३,००० रुपये. जुनीच केस वापरायची की नवी बॅग घ्यायची? पाठीवरची की खांद्यावरची? आणि निफाडच्या मामांनी द्राक्षाच्या पेट्यांतला फोम देऊ केलाय, तो कापून बॅगेत बसवला तर चालेल का?

मामांपासून सुरू करतो, कारण ते उत्तर एका शब्दात संपतं: नको. निर्यातीच्या पेटीत घडांवर ग्रेप गार्डचा कागद ठेवतात, हे निफाडकरांना मी काय सांगणार. त्या कागदात सोडियम मेटाबायसल्फाइट असतं. पेटीतल्या ओलाव्याने त्यातून हळूहळू सल्फर डायऑक्साइड सुटतो आणि मालाला बुरशी धरत नाही. पेटी उघडल्यावर नाकात जो झणका बसतो तो त्याचाच. आता कुणाला वाटेल, बुरशी मारणारी चीज आहे, लेन्सजवळ असलेली बरीच. पण हाच वायू ओलाव्यात मिसळला की आम्ल तयार होतं, आणि कॅमेऱ्याच्या पोटात पितळेची चाकं, पोलादी स्प्रिंगा, चांदीचा मुलामा दिलेला आरसा असतो. त्या पेटीत राहिलेला फोम या सगळ्याला चिकटून बसवायचा नाही. मामांना म्हणावं, पेटी रिकामी नको, भरलेली पाठवा.

आता मुद्द्याचं. बरीच वर्षं मी जुने कॅमेरे उघडतोय. आधी लग्नाचे फोटो काढायचो, डिजिटल आल्यावर स्क्रूड्रायव्हर हातात घेतला. इतक्या वर्षांत माझ्या टेबलावर आलेल्या कॅमेऱ्यांत पडून बिघडलेले थोडे, पडून राहून बिघडलेले भरपूर. बॅग घेताना मात्र प्रत्येक जण कड्यावरून कॅमेरा कोसळणार आहे अशा हिशोबाने जाड-जाड फोम चाचपत बसतो. ती गादीसारखी बॅग घरी येते, कॅमेरा तिच्यात जातो आणि जूनपासून दसऱ्यापर्यंत लोखंडी कपाटात दोघं एकमेकांच्या ओलाव्यात नांदतात. म्हणून बॅग बघताना मी दोनच गोष्टी आधी बघतो. भिजली तर किती लवकर वाळेल? आणि कॅमेरा तिच्यातून किती पटकन बाहेर येईल? बाकीचं सगळं त्यानंतर.

हे शहाणपण फुकट आलेलं नाही. माझा स्वतःचा एक रोलीकॉर्ड होता, असाच दोन लेन्सचा. एका पावसाळ्यात तो मी केसमध्ये घालून, वर दोन डांबराच्या गोळ्या टाकून, कपाटात ठेवून दिला. आईने कपड्यांत गोळ्या ठेवलेल्या आयुष्यभर बघितल्या होत्या, तेच केलं. खंडेनवमीला पूजेसाठी बाहेर काढला तर खालच्या लेन्सच्या आत कोळिष्टकासारखी जाळी. गोळ्या कसर मारतात, बुरशीला त्यांचं काही वाटत नाही. उलट त्यांची वाफ काचेवर बसते ती वेगळीच. जाळी पुसून निघाली, पण बुरशीने काचेवरचा कोटिंगचा थर खाल्ला होता, तो काही परत आला नाही. त्या लेन्समधून आजही उजेडाकडे तोंड करून फोटो काढला की धुकं दिसतं.

तर आजोबांची केस. टाकून देऊ नका, पण कॅमेऱ्याचं घर म्हणूनही वापरू नका. कातडं ओलावा धरून ठेवतं, आतलं मखमलीचं अस्तर त्याहून जास्त, आणि वीस-वीस वर्षं कपाटात राहिलेल्या केसमध्ये बुरशीचे कण नसतील असं मी तरी समजणार नाही. केसचं पितळी टिचबटण उलटून बघा. हिरवट कळंक दिसला तर समजा, कातड्यातलं रसायन आणि ओलावा इतकी वर्षं काय करत होते. मग शिलाई बघा. अशा केसचा पट्टा बहुतेक वेळा केसलाच शिवलेला असतो, म्हणजे गळ्यात अडकवलेला किलोभर कॅमेरा जुन्या, कुजत आलेल्या दोऱ्यावर लटकत असतो. पट्टा हातात धरून केसमध्ये किलोभर साखरेची पुडी घाला आणि चार झटके द्या. दोरा कुरकुरला तर मोच्याकडून जाड नायलॉनच्या दोऱ्याने पूर्ण शिवून घ्या, नुसता टाका मारून चालणार नाही.

शिवून घेतली तरी एक अडचण राहतेच. मॅटचं मागचं दार उघडायची फिरकी कॅमेऱ्याच्या बुडाला आहे. त्यात बसणाऱ्या १२० नावाच्या रुंद रोलवर फोटो फक्त १२. म्हणजे दर बारा फोटोंनंतर कॅमेरा केसमधून पूर्ण काढायचा, रोल बदलायचा, पुन्हा कोंबायचा. गंगेच्या, म्हणजे आमच्या गोदावरीच्या पायऱ्यांवर, गर्दीत, एका हातात उघडा कॅमेरा आणि गळ्यात लोंबकळणारी रिकामी केस घेऊन हे एकदा करून बघा. माझा एक गिऱ्हाईक असाच पायरीवर उकिडवा बसून रोल भरत होता. कॅमेरा वाचला, नवा कोरा रोल मात्र रामकुंडात गेला. त्या रोलला पुण्य लागलं असेल तर असो.

थोडक्यात, केस हिवाळ्यात-उन्हाळ्यात तासाभराच्या फेरफटक्याला हौसेने वापरा. रोजच्याला बॅग घ्या.

बॅग घेण्याआधी कॅमेरा मोजा. मॅट १२४ जी साधारण १० सेंमी रुंद, १० सेंमी खोल आणि १५ सेंमी उंच आहे, वजन १,१०० ग्रॅमच्या आसपास. घोळ होतो तो उंचीत. दुकानातल्या बहुतेक बॅगा आडव्या डिजिटल कॅमेऱ्यासाठी केलेल्या असतात, आतली खोली बारा-तेरा सेंमी असते. त्यात आपला कॅमेरा आडवा झोपवावा लागतो किंवा झाकणाला टेकतो. टेकला की वरच्या हुडावर, म्हणजे बघायच्या काचेवरच्या घडीच्या झाकणावर, दाब येतो. या मॉडेलमध्ये हुड उघडलं की उजेड मोजणारा मीटर चालू होतो, मिटलं की बंद. आडव्या-तिडव्या बसवलेल्या कॅमेऱ्याचं हुड बॅगेत अर्धवट उघडतं आणि आठवड्याने बॅटरी का संपली म्हणून लोक मला फोन करतात. तेव्हा आतली उंची १८ सेंमी तरी हवी, कॅमेरा उभाच राहायला हवा. घरच्या रद्दी खोक्याचा त्या मापाचा ठोकळा करून दुकानात न्या. खरा कॅमेरा नेला तर दुकानदार आधी त्याच्याशी खेळतो आणि मग तुम्हाला स्वतःच्या बॅगा दाखवतो.

बॅगेत कॅमेरा घालायची एक रीत आहे, ती अंगवळणी पाडा. डावीकडची फोकसची फिरकी अनंतावर आणा, म्हणजे लेन्सची पाटी, जिच्यावर दोन्ही लेन्स बसवलेल्या असतात ती, पूर्ण आत जाते. उजवीकडचं हँडल दुमडून जागेवर बसवा. हुड मिटा, दोन्ही लेन्सवर बसणारं जोडझाकण लावा. आणि फोटो काढल्यावर लगेच हँडल फिरवायची सवय सोडा. मॅटमध्ये हँडल फिरवलं की रोलही पुढे सरकतो आणि शटरही चढतं. बटण पुढच्या बाजूला खाली आहे, बॅगेतल्या फोमचा कोपरा त्यावर दाबला गेला की बारातला एक फोटो अंधाराचा. फिरवायचं ते पुढचा फोटो काढायच्या वेळी.

लेन्सचं तोंड कुठे, हेही विचारलं जातं. माझ्या मते तुमच्या अंगाकडे. बाहेरच्या बाजूला खांब, रिक्षा, दुसऱ्याचं कोपर लागतं. मागच्या दाराला पोचा आला तर उजेड आत शिरेल, वाईटच, पण दार ठोकून सरळ करता येतं. लेन्सच्या पाटीला धक्का बसून ती तिरकी झाली तर वरची लेन्स दाखवते एक आणि खालची टिपते दुसरंच. डोळ्याला सगळं लख्ख, निगेटिव्हवर धूसर. ते काम तासन्‌तास खातं. काही जण उलट सांगतात, त्यांचं त्यांना लखलाभ.

आता पाठीवरची की खांद्यावरची. मॅट वापरताना माणूस कमरेजवळ कॅमेरा धरून खाली बघतो, दोन्ही हात अडकलेले. खांद्यावरून सरळ सोडलेली बॅग अशा वेळी घसरून पुढे येते आणि नेमकी कॅमेऱ्याला धडकते. म्हणून पट्टा मानेवरून तिरका जाईल इतका लांब हवा आणि बॅग कमरेच्या मागे सरकवता आली पाहिजे. पाठीवरची बॅग हरिहर गडाच्या पायऱ्या चढायला उत्तम. तिथे दोन्ही हात कातळातल्या खोबण्यांत लागतात, खांद्यावरची बॅग तिथे नेऊच नये. पण पाठीवरच्या बॅगेतून कॅमेरा काढायला थांबावं लागतं, बॅग उतरवावी लागते, टेकवायला कोरडी जागा शोधावी लागते. तीनदा असं झालं की चौथ्यांदा माणूस म्हणतो, जाऊ दे. गोदाघाटासाठी खांद्यावरची, तिरकी. अंजनेरीला जायचं तर घरात जी ट्रेकची सॅक आहे तीच घ्या आणि तिच्यात कॅमेऱ्याचा आतला डबा ठेवा. त्या डब्याकडे येतोच.

लोक नावं विचारतात म्हणून सांगतो. बिलिंगहॅम ही इंग्लंडची कंपनी मुळात मासेमारीच्या पिशव्या करायची. फोटोग्राफरांनीच त्या उचलल्या आणि मग कंपनी कॅमेऱ्याकडे वळली. डोमके ही फिलाडेल्फियाच्या एका वृत्तपत्र छायाचित्रकाराने १९७० च्या दशकात स्वतःसाठी शिवलेली कॅनव्हासची झोळी. दोन्ही गोष्टींत बघण्यासारखं हे की बॅग मऊ आहे, अंगाला लपेटते, आणि संरक्षण आतल्या सुट्या कप्प्यांनी केलेलं आहे. ते दोघं घ्यायचे तर तुमचं बजेट पुरणार नाही. पण ही कल्पना मात्र तुम्ही नाशकात सहज शिवून घेऊ शकता.

मी स्वतः काय वापरतो? शबनम. हसू नका. जाड खादीची, रुंद पट्ट्याची झोळी, तिच्यात शिवून घेतलेला फोमचा डबा. घाटावर कुणी वळून बघत नाही. कवितेचं बाड घेऊन चाललोय असं वाटतं. तुम्हाला शबनम नको असेल तर कॉलेजची कॅनव्हासची बॅग चालेल, फक्त बूड रुंद हवं. भद्रकाली-मेन रोडच्या बाजूला बॅग शिवणारे, चेन बदलणारे कारागीर बसतात. ठोकळा दाखवा, ते माप घेतात. मला माझा डबा पाच-सातशेत पडला होता, आता थोडा जास्त लागेल.

डब्याचा फोम मात्र तुम्ही निवडा, कारागिरावर सोडू नका. गादीतला स्पंज घ्यायचा नाही. तो पाणी पितो आणि दमट हवेत काही वर्षांत त्याचा चिकट काला होतो. जुन्या कॅमेऱ्याच्या दाराला उजेड अडवणारी फोमची पट्टी असते, ती काळ्या डांबरासारखी बोटाला लागते ना, तसाच. जुन्या कॅमेरा बॅगाही याच कारणाने घेऊ नयेत. वरून झकास दिसतात, आतला स्पंज कॅमेऱ्याच्या रेक्झिनला चिकटून बसतो. योगाच्या चटईसारखा, बंद पेशींचा ईव्हीए फोम मागा. तुकडा पाण्यात दाबून धरा आणि सोडा. जड झाला नाही तर तो योग्य. ८ ते १० मिमी जाडी बस्स झाली, बुडाला दुप्पट करा आणि त्याखाली पातळ प्लायचा किंवा कडक प्लास्टिकचा तुकडा घाला, नाहीतर बॅग खाली टेकवताना सगळा धक्का बुडाच्या फिरकीवर येतो. हँडलच्या बाजूला बोटभर जागा मोकळी सोडा.

अस्तर गुळगुळीत आणि फिक्या रंगाचं. मखमल, फर, मऊमऊ फ्लीस नको, त्याचे तंतू सुटतात. रोल बदलताना एखादा आत गेला की प्रत्येक फोटोवर आकाशात केस उगवतो. फिकं अस्तर अशासाठी की लेन्सचं काळं झाकण काळ्या बॅगेत सापडत नाही, पहाटे तर नाहीच. झाकणाला वेल्क्रो लावू नका. त्याचे आकडे लव गोळा करतात हे एक. दुसरं, एकदा काळाराम मंदिरात कीर्तनाला बसलो होतो, बुवांनी शांत स्वर लावला आणि मी बॅग उघडली. फर्र्र. बुवांसकट सगळ्यांनी बघितलं. दोन बक्कलं किंवा साधी नायलॉनची चेन चांगली. धातूची चेन असेल तर तिच्या आतून कापडाची पट्टी शिवून घ्या, दातांनी हुड घासतं. चुंबकाचं बटणही चालतं, चुंबकाने फिल्मवर काही होत नाही.

स्कूटरचं मात्र नीट ऐका, कारण माझ्या मते तुमच्या कॅमेऱ्याला खरा धोका तिथे आहे. डिकी सोयीची वाटते, पण ती इंजिनच्या डोक्यावर असते. एप्रिल-मेमध्ये नाशिक चाळिशीला टेकतं, वरून सीट तापते, खालून इंजिन. त्या उष्णतेत लेन्सच्या आट्यांतलं जुनं ग्रीस पातळ होतं आणि तेल हळूहळू शटरच्या आणि छिद्राच्या पात्यांवर उतरतं. पाती चिकटली की शटर रेंगाळतं. तुम्ही नुकताच जो खर्च केलात तोच पुन्हा. रोललाही उष्णता मानवत नाही, रंगीत असेल तर अजिबात नाही. पायाशी ठेवली तर उष्णता वाचते, पण थरथर थेट बॅगेला लागते. जुन्या कॅमेऱ्यातले मिलिमीटरभराचे स्क्रू अशा थरथरीने सैल होतात. उघडल्यावर तळाशी मला सुटे मिळालेत. बॅग अंगावर ठेवायची, तिरका पट्टा आखूड करून, पाठीला टेकलेली. माणसाचं अंग सगळ्यात चांगला शॉकअप आहे. गतिरोधकावर उंच उडवलीत तर पाठ आणि कॅमेरा दोन्ही बोलतील.

पावसाचं गणित वेगळं. अंजनेरी, त्र्यंबक, पुढे इगतपुरीकडे गेलात तर तो पाऊस आडवा येतो, आणि "वॉटरप्रूफ" लिहिलेली कुठलीही बॅग शिलाईच्या भोकांतून पाणी घेते. ट्रेकवाले वापरतात ती तोंड गुंडाळायची ड्राय बॅग आणा, डबा कॅमेऱ्यासकट तिच्यात, ती सॅकमध्ये. छत्री धरायला सोबतीला कुणी असेल तरच कॅमेरा बाहेर. याशिका पाण्यासाठी बनलेला नाही, आणि एकदा पाटीच्या फटीतून थेंब आत गेला की पुसता येत नाही. गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीला पाणी लागलं की अख्खं नाशिक पूर बघायला जातं, तुम्हीही जाल. जा, पण बॅग पायरीवर टेकवू नका. ओल्या दगडावर टेकलेली कॅनव्हास वातीसारखं पाणी वर ओढते.

घरी आलात की कॅमेरा आधी बाहेर काढा. मग बॅग रिकामी करून, डबा काढून, अस्तर उलटं करून पंख्याखाली दोन दिवस. हातरुमाल ओला झाला तर आपण वाळत घालतो ना? बॅगेचं मात्र लोक खुंटीला अडकवून विसरतात.

थंडीत याच्या उलट. डिसेंबर-जानेवारीत नांदूर मध्यमेश्वरला पक्ष्यांसाठी पहाटे जाणारे खूप, आणि निफाडची थंडी काय असते ते मामा सांगतीलच. मॅटने पक्षी काय टिपणार म्हणा, ८० मिमीची लेन्स आहे, पण पाण्यावरचं धुकं आणि होड्या सुरेख येतात. तिथून गार झालेला कॅमेरा घेऊन उबदार स्वयंपाकघरात शिरलात आणि लगेच बॅग उघडलीत तर गार काचेवर हवेतली वाफ धरते, आतल्या बाजूलाही. तेव्हा तासभर बॅग बंदच ठेवा, आतला कॅमेरा हळूहळू घराच्या उबेला येऊ द्या. बॅग बंद ठेवा असं मी सांगतो अशी ही एकच वेळ.

रंगपंचमीला रहाडीवर, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या जुन्या हौदावर, नेऊ का, हे कुणीतरी विचारतंच. नेऊ नका. तिवंध्याच्या रहाडीत उडी पडली की रंग दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीपर्यंत जातो. तिथे मोबाइल न्या, तोही जुना.

बॅगेत कॅमेऱ्याशिवाय काय? कमीत कमी. चार रोल, वेगळा लाइट मीटर वापरत असाल तर तो, एक मऊ ब्रश, केबल रिलीज (कॅमेऱ्याला हात न लावता बटण दाबायची तार). सगळं मिळून दोन किलोच्या आत राहिलं पाहिजे, आणि रिकामी बॅग सातशे ग्रॅमच्या वर असेल तर ती दुकानातच ठेवा. कोरे रोल आणि वापरलेले रोल यांना दोन वेगळे कप्पे करा, हे मात्र कारागिराला बजावून सांगा. ३५ मिमीच्या रोलला निदान धातूची डबी असते. १२० ला फक्त मागचा कागद. तो सैल गुंडाळला गेला तर कडांतून उजेड शिरतो. म्हणून रोल भरणं-काढणं सावलीत, निदान स्वतःच्या सावलीत, आणि वापरलेल्या रोलची चिकटपट्टी घट्ट लावून तो लगेच अंधाऱ्या, घट्ट कप्प्यात. मी वर एक रबरबँडही लावतो. अंधारात हाताला कळतं, हा झालेला.

इतर कॅमेरे असणाऱ्यांसाठी पटापट. झेनिट ई असेल तर लक्षात ठेवा, त्याला पट्ट्याच्या कड्याच नाहीत, पट्टा केसचाच. तेव्हा केसशिवाय तो गळ्यात अडकवता येत नाही आणि बॅगेची गरज दुप्पट. पेंटॅक्स के १००० ला मीटर बंद करायचं बटण नाही. लेन्सवर झाकण असेल, अंधार असेल तरच बॅटरी टिकते, म्हणजे बॅगेत झाकण निसटणार नाही अशी घट्ट जागा हवी. झोर्कीसारखा कापडी पडद्याच्या शटरचा कॅमेरा झाकणाशिवाय उन्हात तोंड वर करून ठेवलात तर लेन्स भिंगासारखी पडद्याला भोक पाडते. असे भाजलेले पडदे मी बदललेत.

घरी कॅमेरा कुठे ठेवायचा, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण बॅगेचा अर्धा प्रश्न तोच आहे. स्वयंपाकघरात मिळतो तसा रबराची कड असलेला हवाबंद प्लास्टिकचा डबा घ्या, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र, काही शेकड्यांत मिळतं. काटा ४० ते ५० टक्क्यांत ठेवा. साठ-पासष्टच्या वर फार दिवस राहिला तर बुरशीला आवतण. तिशीच्या खाली नेलात तर ग्रीस आणि कातडं सुकतं. नारिंगी जेल ओलं झालं की हिरवं होतं, निळं गुलाबी. निळ्यात कोबाल्टचं क्षार असतं, तेव्हा ते पोळीच्या तव्यावर भाजू नका, नारिंगीच घ्या. बरेच दिवस कॅमेरा वापरणार नसाल तर मीटरची बॅटरी काढून ठेवा. आणि पंधरा दिवसांतून एकदा कॅमेरा बाहेर काढून, रिकामाच, सगळ्या वेगांवर शटर मारा. हे मी दर रविवारी चहा होईपर्यंत करतो.

तुमच्या ३,००० मध्ये कॅनव्हासची बॅग, शिवलेला डबा, ड्राय बॅग आणि घरचा प्लास्टिकचा डबा असं सगळं बसेल, आणि चार पैसे रोलला उरतील.

राहिली आजोबांची केस. मोच्याकडून शिवून आणल्यावर आत वर्तमानपत्राचे बोळे भरा, म्हणजे आकार धरेल, आणि कपाटात न कोंबता उघड्या फळीवर ठेवा. खंडेनवमीला ती पाटावर मांडा, हळदकुंकू तिच्यावर वाहा, कॅमेरा शेजारी नुसता ठेवा. दर वर्षी दसऱ्यानंतर दोन-तीन जण माझ्याकडे येतात, हँडल अडकतंय म्हणून, आणि उघडून बघतो तर फटीत कुंकू.